दहा घमेली आणि एक फांदी

आमच्या विज्ञान मंडळाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि फेब्रुवारीअखेर संपतं. उरलेले तीन महिने सुट्टी. "उन्हाळ्यात विज्ञानानंही सावलीत बसावं," असं आमच्या मॅडम म्हणतात.

मॅडम म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वर्गातलाच आहे. बुलढाण्यातल्या त्यांच्या घराची पुढची खोली हेच मंडळाचं कार्यालय. तिथं दोन सूक्ष्मदर्शक आहेत, मोजपट्ट्यांचा एक डबा आहे आणि डाव्या हाताची तीन बोटं हरवलेला प्लास्टिकचा सांगाडा आहे. पावसाळ्यात आम्ही छोटे अभ्यासवर्ग घेतो. साप ओळखण्याचा तीन दिवसांचा, माती तपासण्याचा दोन दिवसांचा, घरच्या घरी पर्जन्यमापक करण्याचा एका दुपारचा. दिवाळी झाली की सांगाड्यासकट सगळं सामान टेम्पोत चढतं आणि प्रदर्शन जिल्हाभर फिरतं, सोनाळ्यापासून धाडपर्यंत. शेवटी फेब्रुवारीत मेहकरला संमेलन. शिक्षक, शेतकरी, नर्सबाई, कॉलेजची पोरं असे सगळे येतात, निबंध वाचतात, भांडतात आणि एका पंगतीत बसून पिठलं-भाकरी खातात.

या संमेलनाचं शेवटचं सत्र चुकांचं असतं. वर्षभरात ज्यानं ज्यानं काही चालवलं, त्यानं मंचावर जाऊन आपली सगळ्यात मोठी चूक वाचायची. सबब सांगायची नाही. एका वर्षी एका सभासदानं कबूल केलं की सोनाळ्याच्या पोरांना संध्याकाळी दुर्बिणीतून त्यानं जो मंगळ दाखवला, तो मोबाईल टॉवरवरचा लाल दिवा होता. एका पोरीनं "सर, हा लुकलुकते काऊन?" असं विचारलं होतं, तेव्हा त्यानं तिला वातावरणाचे थरही समजावून दिले होते. त्या सत्रात मी पोट धरून हसायचे. मला वाटायचं, हे सत्र इतरांसाठी आहे.

तसं वाटायला कारण होतं. माझे वडील धाडला पोस्टमन. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाटले, पण स्वतःसाठी घरी आणले ते एकाच प्रकारचे. सोळा पानी, मधोमध दोन पिना मारलेल्या पुस्तिका. कुठं मेळावा असला की लोक तिथून फोटो आणायचे, कॅलेंडर आणायचे. वडील पिशवीभर पुस्तिका आणायचे. बाकीची मुलं अननसाच्या चित्रावरून वाचायला शिकली, मी 'बंधू-भगिनींनो' पासून शिकले. सातव्या वर्षी मला 'शोषण' हा शब्द बिनचूक लिहिता येत होता, 'शेवग्याची शेंग' येत नव्हती. वडिलांचं एक वाक्य जेवतानाही कानावर पडायचं, "छापलेलं म्हणजे दिलेला शब्द." त्यामुळे मंडळात मी शिरले तीच पत्रकं लिहायला. माझी पत्रकं वाचून मॅडम म्हणायच्या, "अगं, उद्गारचिन्हं थोडी पुढच्या वर्षासाठी ठेव."

पण मला पत्रकांवर थांबायचं नव्हतं. मला माझा स्वतःचा अभ्यासवर्ग हवा होता, आणि तो धाडलाच हवा होता. विषय होता विहिरी मोजण्याचा. आमच्याकडं पाणी कमी पडलं की माणूस पहिल्यांदा बोअर मारायचा विचार करतो, आणि गावात आधीच असलेल्या विहिरींमध्ये पाणी किती हातांवर आहे, हे कुणी लिहून ठेवत नाही. पाऊस सरून विहिरी उतरू लागल्या की, म्हणजे हिवाळ्यात, पाच दिवसांत पंधरा-वीस लोकांना मोजायला शिकवायचं आणि मग दर महिन्याला त्यांनी आपापली विहीर मोजायची, असा माझा बेत होता. दोन वर्षं मी मागे लागले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पंधरा नावं आण. वर्गाच्या आठ दिवस आधी पंधरा नसली तर वर्ग मेहकरला जाईल. तिथले लोक कधीचे मागताहेत."

मी दारोदार फिरून सतरा नावं आणली. मग मात्र माझ्यातली पत्रकवाली जागी झाली.

गावात एक पाणाडी आहे. बोअर कुठं मारायचा ते फांदीवरून सांगणारा म्हातारा. उंबराची बेचक्यासारखी फांदी दोन्ही मुठींत धरून तो शेतातून चालतो, आणि जिथं फांदीचं टोक खाली झुकतं तिथं खूण करतो. सगळं गाव त्याला आबाजी म्हणतं. माझा वर्ग सुरू व्हायच्या आधी हे प्रकरण मुळातून उपटलं पाहिजे, असं मी ठरवलं. चार पानी पत्रक लिहिलं. मथळा: 'फांदीला पाणी कळतं का?' आत 'भोंदू' हा शब्द चारदा आणि 'लूट' दोनदा. शेवटी जाड टायपात: 'हिंमत असेल तर धाडच्या विज्ञान प्रदर्शनात या आणि सिद्ध करा!' पाचशे प्रती छापल्या आणि बाजारात स्वतः उभी राहून वाटल्या.

आबाजी आले. बाजाराचा दिवस होता, शाळेच्या पटांगणात आमचं प्रदर्शन लागलं होतं, सांगाड्याभोवती गर्दी होती. काखेत फांदी, हातात माझं पत्रक. माझ्या टेबलासमोर उभे राहून त्यांनी चष्मा लावला आणि पत्रक पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला घेतलं. माझं लिखाण इतक्या काळजीनं आजवर कुणी वाचलं नव्हतं. 'लूट'पाशी थांबून त्यांनी वर पाहिलं.

"लूट कोणची वं पोरी? नारळ अन् कपभर चहा?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे, आबाजी," मी म्हणाले.

"असंन," ते म्हणाले. "बरं, कुठी सिद्ध करू?"

तयारी सोपी होती. पटांगणात दहा घमेली पालथी मांडायची, प्रत्येकाखाली एकेक झाकणाचा डबा. नऊ डबे रिकामे, एकात पाणी. आबाजींनी फांदी घेऊन फिरायचं आणि पाण्याचा डबा सांगायचा. असं तीनदा. डबे चादरीच्या आडोशानं मांडायचं काम आमच्या दादाचं होतं. दादा म्हणजे मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा आमचा सभासद, टेम्पो त्याचाच. पण ऐनवेळी माईक बंद पडला, दादा त्याच्या वायरी सोलत बसला, आणि मी म्हटलं, आण इकडं, मीच ठेवते.

आमच्या प्रदर्शनातल्या प्रत्येक फलकाच्या मागं मॅडमच्या अक्षरात एक ओळ लिहिलेली असते: 'ज्याला माहीत आहे, तो तिथं नको.' म्हणजे उत्तर ज्याला ठाऊक आहे, त्यानं चाचणीच्या वेळी समोर थांबायचं नाही. माती तपासणीच्या वर्गात मदतनीस म्हणून ही ओळ मी स्वतः तीन तुकड्यांना शिकवली होती. पण माझ्या मनात कुठंतरी पक्कं होतं की हा नियम लबाडी करू शकणाऱ्यांसाठी आहे. मी काय आबाजींना खुणा करणार होते? माईक दुरुस्त झाला, तो मीच हातात घेतला आणि सुरू झाले.

"मित्रहो, बघा, आबाजी निघाले! पहिल्या घमेल्यापाशी आले! फांदी हलली का? नाही हलली! आता दुसरं घमेलं, मित्रहो..."

फांदी सहाव्या घमेल्यावर झुकली. पाणी सहाव्याखाली होतं.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी म्हटलं, योगायोग. पुन्हा चादर धरली, पुन्हा मीच डबे बदलले. या वेळी पाणी नवव्याखाली होतं. आबाजी नवव्यापाशी थांबले. तिसऱ्यांदा मी मुद्दाम पाणी पहिल्याच घमेल्याखाली ठेवलं, कारण इतकं सोपं कुणी ठेवणार नाही असं म्हाताऱ्याला वाटेल. आबाजी दहाव्या बाजूनं निघाले, सगळी रांग चालत आले आणि पहिल्यावर फांदी झुकली.

तीनपैकी तीन. भाजीवाल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "आता त्या सांगाड्याले विचारा, पाणी कुठी हाये तं!" मी माईक बंद करून टेबलावर ठेवला. आबाजी मात्र जिंकल्यासारखे दिसत नव्हते. त्यांनी फांदी काखेत मारली, पत्रकाची घडी खिशात घातली आणि चहा प्यायला गेले.

बाजार उठायच्या आत लोक माझ्याकडं येऊ लागले. "माहं नाव काढ वं वहीतून. आबाजीले समजते तं विहिरी कायले मोजायच्या?" संध्याकाळपर्यंत सतरातली सहा नावं उरली. त्यातलं एक माझ्या वडिलांचं होतं.

दोन दिवसांनी बुलढाण्याला मॅडमच्या खोलीत बैठक झाली. दादानं सगळा प्रकार मोबाईलवर टिपला होता. मोबाईल सांगाड्याच्या पायाला टेकवून आम्ही तिघं बघायला बसलो. मी तावातावानं सांगत होते की झाकणातून पाणी गळलं असेल, ओल दिसली असेल, नाहीतर कुणीतरी फितूर आहे.

"आवाज वाढव," मॅडम म्हणाल्या.

"हिचा?" दादानं विचारलं.

"मोबाईलचा. हिचा पुरेसा आहे."

तिसऱ्यांदा बघताना दादा एकदम मांडी ठोकून हसायला लागला. "अवं, तू चूप कुठी होऊन राह्यली ते ऐक!"

मी ऐकलं. पहिलं घमेलं: बडबड. दुसरं: बडबड. पाचवं: 'मित्रहो, बघा.' सहावं: शांतता. मी श्वास रोखून गप्प उभी. नववं: शांतता. तिसऱ्या फेरीत तर मी दहापासून दोनपर्यंत अखंड बोलत आले होते, आणि पहिल्या घमेल्यापाशी माझा आवाज असा बंद झाला जसा लाईट गेल्यावर रेडिओ. फांदी प्रत्येक वेळी माझ्या शांततेत झुकली होती.

मॅडमनी चष्मा पुसला. "डबे कुणी ठेवले होते?"

"मी."

"माईक कुणाकडं होता?"

"माझ्याकडं."

मॅडम चष्मा परत चढवून म्हणाल्या, "संमेलनात वाच. चुकांच्या सत्रात."

"संमेलन मेहकरला आहे," मी म्हणाले. "पत्रकं धाडला वाटली. चूक धाडला झाली. मेहकरच्या लोकांपुढं कबूल करून माझं मन हलकं होईल, धाडच्या लोकांना काय मिळेल?"

मॅडमनी माझ्याकडं जरा नीट पाहिलं. "मग धाडला वाच. पण आधी त्या माणसाकडं जा."

आबाजी घरासमोर खाट विणत बसले होते. मी मोबाईल दाखवला. त्यांनी दोर पायाच्या अंगठ्यात अडकवून ठेवला आणि सगळं दोनदा पाहिलं. मला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती मी पत्रकाच्या भाषेत न विचारता साधी विचारली. "तुम्हाला माहीत होतं का, आबाजी? मी गप्प होते ते?"

"नाई वं," ते म्हणाले. चेहऱ्यावर खरंच गोंधळ होता. "मले वाटलं फांदी बोलून राह्यली. फांदी खाली जाते ते हाताले समजते. पण काऊन जाते, ते..." त्यांनी मोबाईलकडं बोट केलं. "म्हंजे तू चूप झाली का मी तिले खाली नेतो?"

"तसं दिसतंय."

"अन् शेतात? शेतात कोन चूप होते?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. मग त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं. 'भोंदू' आणि 'लूट' खाली पेन्सिलीनं रेघा मारलेल्या होत्या. "हे शब्द मांगं घे. नारळ मी तथीच फोडून वाटतो, घरी नेत नाई. लुटारू कोनाले म्हणते तू? बाकी तुहं भांडण फांदीसंगं हाये, ते कर. पुन्हा मांड घमेले. मी काय भेतो का?"

त्या रात्री जेवताना मी वडिलांना सांगितलं की चूक कबूल करणारं पत्रक काढायचं आहे. छापलेलं म्हणजे दिलेला शब्द, असं म्हणणाऱ्या माणसाला हे सांगणं सोपं नव्हतं.

"किती वाटले होते?" त्यांनी विचारलं.

"पाचशे."

"मंग पाचशेच छाप. कमी नाई. मी वाटतो, पण ड्युटीवर नाई, संध्याकाळी सायकलवर."

आई ताटात भाजी वाढत म्हणाली, "अन् या टायमाले जरा लहान लिव. मागच्या कागदात तं चार घरच्या पुड्या बांधल्या लोकायनं."

नवं पत्रक एक पानी झालं. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी, नावं द्यायची मुदत संपायच्या दिवशीच, मी त्याच पटांगणात माईक घेतला. 'आबाजींना मी भोंदू म्हटलं, ते चूक होतं. ते कुणाला लुटत नाहीत. चाचणीही मी चुकीची घेतली, कारण उत्तर मला माहीत असताना मी समोर उभी राहिले आणि नकळत सांगून बसले. ती चाचणी रद्द समजावी.' एवढंच वाचलं. हजार पत्रकांतून आग ओकणं सोपं, पण स्वतःच्या चार ओळी गावासमोर वाचणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. एक भाजीवाली म्हणाली, "कबूल तं केलं पोरीनं." दुसरी म्हणाली, "कबूल केलं, पण हारली तं हारलीच ना."

मग पुन्हा दहा घमेली. या वेळी सगळं मॅडमच्या हातात होतं. कोणत्या घमेल्याखाली पाणी ठेवायचं ते चिठ्ठी काढून ठरायचं, आणि चिठ्ठी एकट्या दादानं बघायची. दादानं चादरीआड डबे मांडायचे आणि लगेच टेम्पोत जाऊन बसायचं. मला तर आधीच टेम्पोत पाठवलं होतं, मागचा पडदा खाली सोडून.

"मला तर पाणी कुठं आहे ते माहीतही नाही," मी म्हटलं.

"तरी बस," मॅडम म्हणाल्या. "तुझा काही भरवसा नाही."

तर अशी मी आणि दादा, अंधाऱ्या टेम्पोत, सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना. दादा शेंगा फोडत होता. बाहेर इतकी शांतता की माणसं आहेत का नाहीत कळेना.

"कोणत्याखाली ठेवलंय?" मी कुजबुजले.

"सांगत नाई."

"अरे, मी बाहेर थोडीच सांगणार आहे?"

"तू नाई सांगत. तुह्या नाकपुड्या सांगतात. शेंगा खाय."

दर फेरीनंतर दादा उठून डबे बदलून यायचा. बाहेरून एकदा "आऽऽ" असा आवाज आला, मग हशा, मग तिसऱ्यांदा एकदम आरोळी. पडदा उघडून मॅडम आत डोकावल्या. "तीनपैकी एक," त्या म्हणाल्या. "शेवटचं बरोबर आलं."

मला शून्य हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला शून्यच हवं होतं. बाहेर दोन गट पडले होते. एक म्हणे फांदी हरली, दुसरा म्हणे एक तर आलं, अंदाजानं आलं असतं का? मॅडमनी माईक घेतला. "तीन फेऱ्यांत काहीच कळत नाही. आमच्या मंडळाची ही मुलगी मागच्या वेळी तीनवर भुलली, आज तुम्ही भुलू नका. निदान तीस फेऱ्या पाहिजेत."

"तीस?" आबाजी खाली बसलेच. "बाई, माही कंबर राहीन का?"

"एका दिवसात कोण म्हणतंय?"

आबाजींनी फांदी मांडीवर आडवी ठेवली आणि माझ्याकडं बोट केलं. "हिचा तो विहिरीचा वर्ग किती दिवस हाये?"

"पाच," मी म्हटलं.

"मंग रोज सहा. जेवण झाल्यावर. मी येतो पाची दिवस. बसून बसून काय करू, विहिरी बी मोजू लागतो. लिव माहं नाव."

मी वहीत आबाजींचं नाव लिहिलं. सातवं. आणि मग जे झालं त्यात माझ्या वक्तृत्वाचा काहीही भाग नव्हता. रोज सहा फेऱ्या बघायला मिळणार, हे कळताच लोक वहीभोवती जमले. "वर्गात नाव असलं तरच पाह्यले भेटते का?" एकानं विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "हो." पुढच्या पाऊण तासात एकवीस नावं झाली. वर्ग धाडलाच राहिला.

ते पाच दिवस माझ्या आजवरच्या वर्षांतले सगळ्यात मजेचे. सकाळी आम्ही विहिरींवर जायचो. मोजपट्टीच्या टोकाला वजन बांधायचं, खाली सोडायचं, पाण्याला लागल्याचा आवाज ऐकायचा, आकडा लिहायचा. पहिल्याच दिवशी मी ऐटीत आकडा सांगितला तर आबाजी म्हणाले, "मोजते कुठून?"

"कठड्यापासून."

"हा कठडा मांगच्या उन्हाळ्यात दोन हात वाढवला. म्हस पडली होती. अन् त्या पल्याडच्या विहिरीले तं कठडाच नाई. मंग दोघीचं पाणी एका हिशोबात कसं बसवशीन?"

मी वीस माणसांसमोर पट्टी पुन्हा खाली सोडली. कठड्याची उंची आधी मोजून वजा करायची, हे माझ्या टिपणात होतं, तिसऱ्या दिवसाच्या पानावर. ते पान पहिल्या दिवसात आलं. आबाजींना गावातल्या प्रत्येक विहिरीची आठवण होती. कोणती पोळ्यापर्यंत भरते, कोणती होळीला तळ दाखवते, कुणाच्या बोअरनं कुणाची आटली. दादा म्हणाला, "हा बुढा म्हंजे आपलं पहिलं रजिस्टर हाये." मी ती सगळी माहिती लिहून घेतली आणि प्रत्येक ओळीपुढं 'आबाजींच्या आठवणीनुसार, मोजलेलं नाही' असं लिहिलं. आबाजींनी ते वाचलं आणि म्हणाले, "बराबर हाये."

दुपारी घमेली. मी रोज टेम्पोत. चौथ्या दिवसापासून दादानं माझ्यासाठी तिथं उशी ठेवली होती.

पाचव्या दिवशी शेवटची फेरी झाली आणि मॅडमनी तक्ता आबाजींच्या हातात दिला. तीसपैकी दोन. फांदीऐवजी डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तीनेक आली असती, असं मॅडमनी हळू आवाजात सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही, हसलं नाही. मीही नाही. मला वाटलं होतं त्या क्षणी मला आनंद होईल. पण आबाजी तक्ता चष्म्याजवळ नेऊन एकेक फुली मोजत होते, आणि त्यांच्या काखेतली ती फांदी मला एकदम फार बारीक दिसली. त्यांनी तक्त्याची घडी घातली, माझ्या जुन्या पत्रकाशेजारी खिशात ठेवली आणि चहा न पिताच घरी गेले. मला वाटलं, आता हा माणूस आपल्याशी पुन्हा बोलणार नाही. पुढचे तीन आठवडे मी त्यांच्या गल्लीतून गेलेच नाही.

फेब्रुवारीअखेर संमेलन. मेहकरच्या सभागृहात चुकांचं सत्र सुरू झालं. मंगळवाल्या सभासदानं या वर्षीची चूक वाचली. त्यानं सापांच्या वर्गाची सूचना चुकून बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'साप सोबत आणू नये' या वाक्यासकट टाकली होती. मग माझं नाव पुकारलं. मी माझ्या चार ओळी वाचल्या, मोबाईलवरचं चित्रण मोठ्या पडद्यावर दाखवलं, आणि माझा आवाज सहाव्या घमेल्यापाशी बंद पडला तेव्हा सगळं सभागृह खदखदून हसलं. मीही हसले. शेवटी तीसपैकी दोनचा तक्ता सांगितला.

"त्या पाणाड्या बाबांचं पुढं काय झालं?" मागून कुणीतरी विचारलं.

"हे काय, बसला हाये," दाराजवळून आवाज आला. आबाजी उठून उभे राहिले होते, एसटीची धूळ अजून टोपीवर, काखेत फांदी. त्यांना आणणारे माझे वडील शेजारी साळसूद चेहऱ्यानं बसले होते. मला या दोघांनी काहीही कळू दिलं नव्हतं.

"बाबा, अजून पाणी पाहता का?" मागच्यानं विचारलं.

"लोक बोलावतात तं जातो," आबाजी म्हणाले. "पण पह्यले आजूबाजूच्या विहिरी मोजतो. पट्टी घेतली ना मी. मंग सांगतो."

"मग फांदी कशाला?" मी मंचावरूनच ओरडले. मला राहवलं नाही. "आबाजी, पट्टीनं मोजता तर फांदी टाका ना! लोकांना वाटतं फांदीनंच कळलं! हे पुन्हा तेच झालं!"

"आली आग," दादा पहिल्या रांगेतून म्हणाला.

आबाजी सावकाश मंचाजवळ आले. खिशातून तक्ता काढला, त्याच्याशेजारचं माझं जुनं पत्रक काढलं आणि दोन्ही मला दाखवले. "हे पाय पोरी. फांदी एकटी, तीसपैकी दोन. बराबर?"

"बरोबर."

"अन् तू उभी होती तवा?"

मी गप्प झाले.

"तीनपैकी तीन," आबाजी सभागृहाकडं वळून म्हणाले. "फांदी टाकतो ना मी. पण मंग ही पोरगी संगं द्या."